माझं प्रथिन काहीच करत नाही

सदाशिव पेठ, पुणे
८ जुलै २०२४

तीर्थस्वरूप हिंमतकाकांस,
सा. न. वि. वि.

पोस्टमास्तरकी सुटून सात वर्षं झाली तरी तुम्ही फोनवर, काय ते लिहून कळव, एवढंच म्हणून ठेवून देता. म्हणून लिहिते. मी पीएच.डी. सोडतेय. रणजितदादाच्या रोपवाटिकेचं ऑफिस सांभाळीन. पप्पांना एवढ्यात सांगू नका.

कारण असं. अंगात जंतू शिरला की रक्तातल्या टी पेशींना बाहेरच्या कडेला त्याची खबर लागते. ती आतपर्यंत न्यायला बरीच प्रथिनं लागतात. त्यातलं एक अडॅप्टर प्रथिन, तेच माझं. ते स्वतः कसलीच रासायनिक क्रिया करत नाही, बाकीच्यांना फक्त धरून एका जागी आणतं. ते मी पेशींतून काढून टाकलं. खबर आत जाऊ नये आणि पेशी गप्प बसाव्यात, अशी अपेक्षा. त्या उलट जास्तच खवळल्या. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. माझ्या गाइड सरोजिनी मॅडम म्हणाल्या की हात स्वच्छ धुवून सहाव्यांदा कर.

मला नाही करायचं आता. काकूंना नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नये.

आपली,
उत्कर्षा

लोणी काळभोर
१६ जुलै २०२४

चि. उत्कर्षा हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचले. पिनकोड चुकीचा होता तरी पोचले, हे खात्याचे यश.

चार वर्षे तू ज्याच्यामागे आहेस ते प्रथिन काहीच काम करत नाही, असे मी पारावर सांगितले. सुदर्शनने विचारले की मग त्याला पगार कोण देतो.

मला एक शंका आहे. ते बाकीच्यांना धरते, असे तू लिहितेस. बाकीचे म्हणजे कोण, याची यादी केली आहेस काय? पत्रात तू खबर पुढे नेणाऱ्यांचेच लिहिलेस. खवळलेल्या पेशीला नंतर आवरणारेही कोणीतरी असणार, नाहीतर साध्या पडशात माणूस आटोपेल. त्याला कोण धरून आणते? माहीत असल्यास कळवावे. माहीत नसल्यास शोधल्याशिवाय शिक्षण सोडू नये.

जयसिंगला मी बोललो नाही. तुझ्या काकूला बोललो, म्हणजे गावाला कळले. तुझा बाप गावातच राहतो.

जेवणाची आबाळ करू नकोस. आमची माया गृहीत धरावी.

तुझा काका,
हिंमतराव

सदाशिव पेठ, पुणे
४ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

खरं सांगते, तुमचं पत्र वाचून रागच आला होता. गंमत म्हणून ते मॅडमना वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्यांदा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, हे आपण का नाही पाहिलं?

मग साडेचार महिने तेच पाहिलं. पेशीला शांत करणारं एक एन्झाइम आहे. तेही माझ्या प्रथिनाला चिकटतं आणि त्याला धरूनच पेशीच्या कडेला येतं. प्रथिन काढलं की ते आतच भरकटत राहतं. खबर आत जायला आणखी एक वाट असते; आवरणाऱ्याला यायला ही एकच. म्हणून पेशी खवळत होत्या. माझे हात पहिल्यापासून स्वच्छच होते.

निकाल पाहून मला रडू आलं. शेजारच्या टेबलावरचा आमोद ताडकन उठला आणि आधी मशीन बिघडलं का ते बघून आला.

पुढच्या वर्षी माझी जाहीर तोंडी परीक्षा होईल. तुम्ही सगळ्यांनी यायचं. पप्पांना मीच सांगितलं. ते म्हणाले, जुलैपासून माहीत आहे.

तुमच्या लोभावरच इथवर आले, तो असाच चालू ठेवा.

आपली,
उत्कर्षा

लोणी काळभोर
१४ डिसेंबर २०२५

चि. उत्कर्षा,
अनेक आशीर्वाद.

ह्यांनी दोनदा कागद फाडला म्हनून मीच लिहिते. शुद्धलेखन बघू नको, डॉक्टरीण झालीस तरी.

परीक्षेत मला काय बी कळलं न्हाई. ते बाहेरगावचे सर तुला इचारत व्हते आन तू न अडखळता सांगत व्हतीस, एवढं दिसलं. तुझे पप्पा मधीच उठून बाहेर गेले ते तुला वाटलं असंल फोन आला. फोन न्हवता. डोळे पुसून आले. हे तर पडद्यावरच्या दुसऱ्याच चित्राला टाळ्या वाजवून बसले.

येताना हडपसरच्या गर्दीत गाडी थांबली तवा हे म्हनले, पोरगी पाच वर्सं काय करतीय ते तिनं सांगितलं न्हाई, कारन आपन इचारलंच न्हाई. आपन लगीनच इचारत व्हतो. मी बी तेच इचारत व्हते.

घरी आल्यावर चपला बी न काढता ह्यांनी आपल्या रुपालीला फोन लावला. आठ वर्सं झाली पोरीला हिंजवडीत नोकरीला लागून. तिला म्हनले, तू हापिसात नेमकं काय काम करतीस ते मला सांग. रुपाली घाबरून म्हनाली, बाबा, आई बरी हाय ना?

शेंगदान्याचे लाडू धाडलेत. माया हाय तशी र्‍हाऊ दे, जास्त बी चालंल.

तुझी काकू,
कौशल्या