टाकीच्या चढावर न थांबणाऱ्या गाडीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, धंद्याने मोटर मेकॅनिक, अविवाहित, राहणार स्वतःच्या गॅरेजच्या माडीवर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी माझे हृदय तपासून मान हलवली. डोक्याबद्दल विचारले तेव्हा म्हणाले, "त्याचा दाखला हवा तर आत्ता लिहून देतो." तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ज्यांनी ते आणून पाहिले त्यांचा उल्लेख पुढे येईलच. याआधी मी केलेले कोणतेही मृत्युपत्र सापडल्यास ते रद्द समजावे.

१. गॅरेज, माडीवरची खोली, लेथ आणि सर्व हत्यारे माझ्याकडे काम करणाऱ्या मिस्त्रीला द्यावीत. त्याला सगळे 'सावकाश' म्हणतात, कारण इंजिन साखळीवर लटकत असताना तो दुसरे काही बोलतच नाही. अट एकच: टॉर्क रेंच, म्हणजे नट मापात आवळायचा नाजूक पाना, कोणालाही उसना देऊ नये. नेणारा तो हातोडीसारखा वापरतो आणि परत देताना तोंड वर करून "चांगला आहे" म्हणतो.

२. बँकेत जे काही असेल ते माझ्या भावजयीला, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोला मिळावे. तिने त्यातून दिवाणखान्यासाठी एक धड टेबल घ्यावे. सध्या तिच्या दिवाणखान्यात टेबलाच्या जागी एक इंजिन आहे, त्यावर टेबलक्लॉथ आहे आणि त्यावर फुलदाणी. तिने हे सगळे निमूटपणे सोसले आहे. ते इंजिन तिथे कसे पोचले ते कलम चारमध्ये येते.

३. जुन्या गाड्यांच्या क्लबच्या चिटणीसांचे भिंग माझ्या टेबलाच्या खणात आहे, ते त्यांना परत करावे. या भिंगातून इंजिनचा नंबर वाचून त्यांनी माझी गाडी 'मूळ स्वरूपातील नाही' म्हणून प्रदर्शनाच्या मैदानाबाहेर काढली, आणि घाईघाईत भिंग माझ्याच मडगार्डवर विसरून गेले. त्यांनी कधी मागितले नाही, मीही दिले नाही. स्क्रूवरची अक्षरे वाचायला फार उपयोगी पडले, हेही त्यांना सांगावे.

४. आता गाडी. लाल, दोन माणसांची, उघड्या टपाची. बाबांनी ती वापरलेली घेतली होती. मूळ इंजिनचा आवाज इतका गोड की लोक वळून बघत, पण चढ लागला की त्याला ताप चढे. पाण्याच्या टाकीपाशी गाडी हमखास थांबायची. बाबा बॉनेट उघडून म्हणायचे, "जरा दम खाऊ दे तिला," आणि मी डबा घेऊन पाणी आणायला पळायची. धाकटा तेव्हा बाबांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग फिरवायचा. त्या थांबण्याची त्याला मजा वाटे. मला तो डबा आठवतो.

बाबा गेल्यावर मी जुने इंजिन उतरवले आणि अपघातात चेपलेल्या एका घरगुती गाडीचे थोडे मोठे, थंड डोक्याचे इंजिन बसवायला घेतले. गिअरबॉक्स जुनाच ठेवला. दोघांचे जुळावे म्हणून मधली तबकडी मी स्वतः लेथवर काढली. नव्या इंजिनला धरणारी लोखंडी पकड मी कामाच्या बाकावर ग्राइंडरने कापत होते, नेमका तेव्हा धाकटा आत आला. ठिणग्या बघून दारातच थांबला.

"ताई, चेसी कापलीस? बाबांच्या गाडीची?"

मी ग्राइंडर बंद करेपर्यंत त्याचे पुढचे आले. "संपवलीस तू ती. आता यात बाबांचं काय उरलं?"

दुसऱ्या दिवशी त्याने टेम्पो आणून जुने इंजिन उचलून नेले. तेव्हापासून तो या गाडीत बसलेला नाही, की गॅरेजची पायरी चढलेला नाही. दर रविवारी तो फुलदाणी बाजूला ठेवतो, प्लग काढून थोडे तेल सोडतो आणि इंजिन हाताने फिरवतो, जाम होऊ नये म्हणून. हे मला भावजयीकडून कळते.

५. सबब येथे नमूद करते की, गाडीच्या मूळ लोखंडाला, म्हणजे चेसीच्या सांगाड्याला, मी कुठेही ग्राइंडर लावलेला नाही. इंजिन ज्यावर बसते तो पुढचा आडवा बार मी नवीन केला आणि मूळ भोकांतच बोल्टने आवळला. मूळ बार रंग देऊन, गोणपाटात गुंडाळून मागच्या भिंतीवर टांगला आहे. जुने इंजिन परत बसवायला पाने आणि साखळी एवढे पुरे. वेल्डिंगची गरज नाही. हे मी धाकट्याला सांगितले नाही. त्याने विचारलेच नव्हते, थेट निकाल सुनावला होता. मग मीही हट्टाला पेटले.

मला त्याची फार आठवण येते. हे वाक्य कायद्याचे नाही, तरी वकीलबाईंनी ते खोडू नये.

६. गाडी, आतल्या इंजिनासह आणि भिंतीवरच्या बारासह, भाचीला म्हणजे धाकट्याच्या मुलीला द्यावी. ती क्लच सोडते तेव्हा गाडीला धक्का बसत नाही. कोणते इंजिन ठेवायचे हे ती ठरवील. "आत्या, मला दोन्ही हवीत," असे ती म्हणाली आहे. तिचे तिने बघावे.

७. धाकट्या भावाला मी काहीही ठेवलेले नाही. जुने इंजिन त्याच्याकडेच आहे, ते मी दिले असे धरू नये. त्याला काही न ठेवण्याचे कारण असे, की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात, आणि मला साक्षीदार तोच हवा आहे. सही त्याने गॅरेजमध्ये येऊन, हा कागद पूर्ण वाचून, मागच्या भिंतीकडे एकदा बघून करावी. त्याच्याऐवजी दुसरा साक्षीदार मी घेणार नाही. तो आला नाही तर हा कागद रद्दीत जाईल आणि गाडीवरून माझ्यामागे भांडणे होतील. निरोप भाची देईल.

स्थळ: <s>गॅरेज</s> चढावर, पाण्याच्या टाकीखाली, गाडीपाशी.
दिनांक: रविवार, ११ फेब्रुवारी २०२४

स्थळातील खाडाखोड माझी आहे व ती मला मान्य आहे.
(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार:

१. (सही) समोरचे पंक्चरवाले काका. गाडीत दोनच माणसे मावतात म्हणून स्कूटरवरून मागोमाग आलो. तिघांच्या सह्या बॉनेटवर कागद ठेवून, एकमेकांसमक्ष झाल्या.

२. (सही) धाकटा भाऊ. कागद वाचला. भिंतीवरचा बार गोणपाट सोडून पाहिला. गाडी मी चालवली. तापली नव्हती, तरी इथे थांबवली.