शय्या, सोबत कागदपत्रे

मंगळवार, १० मार्च २०२६

गेल्या पंधरा ऑगस्टपासून या वहीत एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल वहीची माफी मागते. कारण आळस नव्हे. त्या दिवशी जे घडले ते लिहायचे तर खरे लिहावे लागले असते. आज लिहायला बसले आहे ते मृत्युपत्र, आणि तेही या वहीतच, कारण कोऱ्या कागदावर माझा हात फार सभ्य होतो.

मी, सिल्व्हिया पीटर उजागरे, वय ४४, शिक्षण एम. ए. मराठी, काम घरबसल्या मुद्रितशोधन, राहणार तिसगावपासून दोन कोसांवरच्या गावी चर्चच्या मागे, जिल्हा अहिल्यानगर (माझ्या जुन्या कागदांवर अहमदनगर आहे, दोन्ही एकच समजावेत), असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही, असेही लिहिणार होते. दबाव आहे, पण तो मृत्युपत्राबाबत नसून उद्याच्या खुलाशाबाबत आहे. तो पुढे येईल. शुक्रवारी नगरला माझ्या पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. लहानपणच्या पोलिओने पायांबरोबर छातीचे स्नायूही कमजोर केले आहेत, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांनी "तसं काही होणार नाही" असे तीनदा सांगितले. एकदाच सांगितले असते तर मी मृत्युपत्र केले नसते.

कलम १. घर. दोन खोल्या, ओटा आणि मागे पत्र्याची एक खोली. वडिलांनी ते माझ्या नावे करताना म्हटले होते, "नोहाला बायको मिळंल, तुला घर तरी असू दे." हे त्यांनी प्रेमाने म्हटले, म्हणून अजून लागते. माझ्या पश्चात घर थोरला भाऊ नोहा याला मिळावे. मागची पत्र्याची खोली मात्र रतनबाई असेपर्यंत त्यांची. रतनबाई नऊ वर्षे मला उठवतात, अंघोळ घालतात, खुर्चीत बसवतात. त्याआधी वीस वर्षे त्या नगरला धंदा करत होत्या. मी आधी "अन्य व्यवसायात होत्या" असे लिहून खोडले आहे. खोडलेले तसेच राहू द्यावे.

कलम २. शब्दकोश, लाल पेने आणि या वहीसकट सर्व डायऱ्या पुतणी आराधना हिला. ती नर्सिंगला आहे, तिला शरीराची भीती वाटत नाही. वाचताना हसू आले तर तिने हसावे.

कलम ३. लोखंडी खाट. हिचा मालक कोण याची मला खात्री नाही, म्हणून आधी हकिकत.

ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. आमच्या पंचायतीने एका वर्षी सगळ्यांना कुकर दिला, पुढच्या वर्षी भिंतीवरचे घड्याळ. रंगुबाईंना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, त्यांनाही घड्याळ. "टिकटिक ऐकू येती, लई झालं," असे त्या म्हणाल्या आणि सगळे हसले, मीही. गेल्या वर्षी प्रथमच "आपली गरज लिहा" असा छापील अर्ज आला. मी चार दिवस विचार केला. माझ्या प्रमाणपत्रावर बहात्तर टक्के अपंगत्व आहे. कुबड्या, खुर्ची, कमोड, हे सगळे त्या बहात्तरासाठी मिळते. उरलेल्या अठ्ठावीस टक्क्यांत एक धडधाकट बाई आहे, आणि उचलून ठेवण्याखेरीज तिला आजवर कोणी हात लावलेला नाही. तिच्या वतीने मी अर्ज केला.

मात्र "मागणीचे स्वरूप" या रकान्यात साधा शब्द लिहायला हात धजेना. जे शब्द आठवले ते शिव्यांत मोडणारे, उरले ते डॉक्टरी. शेवटी भारदस्त, कोशातला शब्द सापडला: शय्यासोबत. रकाना दोन बोटे रुंद. "शय्या" वर मावले, "सोबत" खाली गेले. मध्ये संयोगचिन्ह द्यायला हवे होते. दुसऱ्यांची संयोगचिन्हे मी बावीस वर्षे दुरुस्त करते आहे. त्याखाली ओळीने लिहिले: आधार कार्ड, दिव्यांग प्रमाणपत्र, निवेदन दीड पान.

सरकारी कागदावर "सोबत" म्हणजे काय ते शेंबडे पोरही सांगेल. ग्रामसेवक कानिफनाथ भाऊसाहेबांनी सरळ वाचले: मागणी, शय्या. सोबत, तीन कागद. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव एकमताने मंजूर झाला. सुप्याहून टेम्पोने मागवून ठेवलेली खाट तिथेच आणून उभी केली. हँडल फिरवले की डोक्याकडून उचलली जाणारी. टाळ्या वाजल्या. माझ्यापुढे माईक धरला. मी म्हणाले, "मी ग्रामपंचायतीची ऋणी आहे." त्यानंतर वही उघडली नाही.

खाट अडीच फूट रुंद आहे. उशाशी पिवळ्या अक्षरांत "दिव्यांग कल्याण निधी" असे रंगवले आहे. सोबत मंजूर झालीच असती तरी मावली नसती.

आता निवेदनाविषयी. त्यात पहिले तीन परिच्छेद बसथांबा, शौचालय आणि उशिरा येणारी पेन्शन यांवर आहेत. चौथा असा: "चालता यावे म्हणून कुबडी आणि ऐकू यावे म्हणून यंत्र देता येते. ज्यांना कोणी जवळ घेतलेले नाही, त्यांच्यासाठी हे काम स्वखुशीने व पगारावर करणारी प्रौढ व्यक्ती निधीतून उपलब्ध करून द्यावी. त्या व्यक्तीस नाही म्हणण्याचा हक्क असावा; अर्जदारासही." चौथ्या परिच्छेदापर्यंत कोणी पोचत नाही हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? मग तो चौथा का ठेवला? मला वाचले जायचे होते की नव्हते, याचे उत्तर मला अजून प्रामाणिकपणे देता येत नाही.

लिहिण्याआधी मी रतनबाईंना विचारले होते, "पाठवलेल्या माणसाच्या मनात नसेल तर? आपण त्याच्यावर अन्याय करू का?"

"त्याला पगार टायमाला मिळंल का?" त्या म्हणाल्या. "नको म्हनता यील का? मंग झालं, त्यो नोकरी करतोय. आन आल्याबरोबर च्या इचारा. वीस वर्सात आमाला कुनी च्या इचारला न्हाई."

हे तिन्ही मुद्दे मी घेतले. चहाचा मुद्दा दुसऱ्या पानावर "सन्मानपूर्वक वागणूक" असा लिहिला. ही माझी खोड जात नाही.

या महिन्यात पंचायतीत लेखापरीक्षक आले आणि त्यांनी चौथा परिच्छेद वाचला. आक्षेप नोंदवला: मागणी व पुरवठा यांत विसंगती, खुलासा व्हावा. शनिवारी भाऊसाहेब घरी आले. उभेच राहिले.

"ताई, तेवढं दीड पान मागं घ्या. शय्या म्हणजे खाटच, असं एका ओळीत लिहून द्या. बुधवारी अकराला ऑडिटवाले परत येणार हायेत."

"पण ते खरं नाही, भाऊसाहेब."

"खाट तर खरी हाय ना?" त्यांनी खाटेवर थाप मारली. "खाटेला खर्चाचं हेड हाय. तुमच्या त्याला कुठलंच हेड न्हाई. मी समदे जीआर बघून आलो."

त्यांनी शोधले होते, याचे मला बरे वाटले. "आणि नाही दिलं लिहून तर?"

"तर खाट परत जाईल. अन् ते पान ग्रामसभेत मोठ्यानं वाचावं लागंल. मला वाचाया लावू नका, ताई. माझी आई बसलेली असती तिथं."

रविवारी उपासनेनंतर नोहा आला. खाटेच्या पायथ्याशी बसला. "सिल्व्हू, खाट मिळाली ना? मग प्रभूचे आभार मान आणि विषय संपव. मी शाळेत शिकवतो. पोरं फळ्यावर लिहितील."

"शुद्ध लिहितील का?" मी विचारले. तो हसला नाही. मग बावीस वर्षे न विचारलेले विचारले. "दादा, रॉबिन मला मागायला आला होता, तेव्हा तू त्याला काय सांगितलंस?"

रॉबिन मला काम देणाऱ्या छापखान्यात होता, माझी प्रुफे घरी आणून द्यायचा. मी आतल्या खोलीत होते, मला सगळे ऐकू आले होते. नोहाने सांगितले होते, "तिला झेपणार नाही."

"मला काय झेपतं ते तू मला विचारायचं होतंस," मी म्हणाले.

नोहा खाली बघत खाटेच्या हँडलशी चाळा करत राहिला. त्यामुळे मी वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. मग म्हणाला, "चुकलं माझं." आणि दारातून वळून, "तरी बुधवारी खाटच म्हण."

या मृत्युपत्राची अंमलबजावणी नोहानेच करावी. तो प्रामाणिक आहे. माझ्या बाबतीत चुकला तोही प्रामाणिकपणेच.

खाट पंचायतीने मागितली तर मुकाट्याने परत द्यावी. न मागितल्यास रंगुबाईंना द्यावी.

कलम ४. हे कलम आज दुपारपर्यंत वेगळे होते. मी असे योजले होते की उद्या खुलाशात "खाट" लिहून द्यायचे आणि खरे काय ते इथे लिहून ठेवायचे. माझ्या पश्चात ग्रामसभेने ते वाचावे. कोणाचे नुकसान नाही आणि सत्यही शाबूत. मला ते फार सुबक वाटले. रतनबाईंना वाचून दाखवले. त्या पीठ मळत होत्या.

"म्हंजे तुमी मेल्यावर मंजूर व्हनार?"

"व्हावं, तत्त्व म्हणून."

"आन तवा आलेला मानूस हितं काय करनार? तत्त्व?"

मी इतकी हसले की पित्ताशय दुखले. रतनबाई हसल्या नाहीत, पिठाचा हात तसाच धरून म्हणाल्या, "मी हाय तवर मागा. लोक काय म्हनत्यात ते मला ऐकायचंय. आमच्या कामाला काम म्हनून सभेत कुनी नाव घेतलेलं मी अजून ऐकल्यालं न्हाई."

मी सुबक कलम खोडले. मी निवेदन मागे घेत नाही. उद्या खुलाशात मी लिहीन की मागणी खाटेची नव्हती, माणसाची होती. ग्रामसेवकांनी जे लिहिलेले दिसले तेच वाचले, चूक माझ्या अक्षराची आणि भीतीची. निवेदन सभेत वाचायचे झाल्यास मीच वाचीन. त्यांच्या आईपुढे त्यांना वाचायला लावणे बरे नाही, आणि ते जोडाक्षरांत अडखळतात. मंजूर होईल असे मला वाटत नाही. शुक्रवारनंतर मी नसले तर हा अर्ज वारसाने कोणाकडे जात नाही. ज्याला हवा त्याने आपल्या नावाने करावा, शब्द साधा वापरावा आणि रकाना रुंद मागावा.

साक्षीदारांविषयी: रतनबाईंना सही करायची फार हौस होती. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू असलेला कायदा आहे. "खोली की सही?" असे विचारताच त्यांनी "खोली" म्हटले, विचारसुद्धा केला नाही. म्हणून शेजारच्या अंगणवाडीसेविका विजयमाला आणि मला नेणारे-आणणारे रिक्षावाले बिभीषण यांना बोलावले. साक्षीदारांनी मजकूर वाचण्याची गरज नसते, म्हणून वर वर्तमानपत्र धरले होते. विजयमालाने कोपरा उचलून कलम ३ वाचले. "अडीचच फूट?" एवढेच म्हणाली, आणि सही केली.

लिहून ठेवणार: सिल्व्हिया पीटर उजागरे (सही)

माझ्यासमक्ष, एकमेकांसमक्ष:
विजयमाला गोरक्ष पालवे (सही)
बिभीषण ज्ञानेश्वर शिरसाट (सही)

स्थळ: राहते घर, खाटेवर बसून. तारीख वर आहे तीच. मध्ये फक्त जेवण झाले.

उद्याचे काम: बिभीषणला दहालाच बोलावणे. ग्रामपंचायतीला तीन पायऱ्या आहेत.