नाव छापलं नाही म्हणे

मंगळवार, संध्याकाळ. उरण, खोलीवर.

पेपर चारदा वाचला. माझं नाव कुठंच नाही. बाई शब्दाला जागली म्हणायची!

आमच्या यार्डात सेफ्टी बेल्ट न देता माणसं कंटेनरवर चढवतात, हे मी खोट्या नावाच्या पेजवर टाकायचो. पेपरवाल्या बाईनं विचारलं, म्हणून तिला खरं नाव सांगून सगळं मेसेजात लिहिलं. आज मॅनेजरनं बोलावून मोबाईल पुढं धरला. माझाच मेसेज, वर माझं नाव, नंबर. "काय पत्रकार? उद्यापासून येऊ नको."

बाईला फोन लावला. म्हणाली, "दादा, नाव छापलंय का कुठं? कंपनीचं म्हणणं पण घ्यावं लागतं, म्हणून त्यांना मेसेज दाखवला." दादा म्हणती! छापलं नाही, नुसतं दाखवलं. नाव झाकायला हिला एक बोट नव्हतं?

त्याच मेसेजात मी लिहून बसलोय, कंटेनरवरून पडलेल्या माणसाचा फोटो माझ्या खोलीतल्या बाळूनं काढला. बाळूला न विचारता. मॅनेजरनं तिथवर वाचलं का, काय माहीत.

बाळू समोर कांदा चिरतोय. उद्या यार्डात त्याची सकाळची पाळी. म्हणतो, "तुझं नाव कुणी दिलं रं? त्याला सोडायचं नाही गड्या."

अजून त्याला सांगितलं नाही.