एका हाताने आवळेल असा शेगडा

थिका,
४ मे १९८६

ती. वाशेरा आत्यास,
सा. न. वि. वि.

जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. फेब्रुवारीत बाबांचं पत्र आलं. पाहुण्यांना नदीवर मासे पकडायला नेण्याचं काम सोडलं, आता गळाला लावायच्या पिसांच्या खोट्या माश्या बांधायला शिकणार आहे, गळ जबड्यात धरून ठेवायला टेबलाला बसवायचा, नवख्याला चालेल असा छोटा शेगडा (व्हाइस) पाठव, असं त्यात होतं.
२. मी टेबलाच्या फळीची जाडी आणि गळांचे आकार विचारले.
३. उत्तरात मापं नव्हती. शेगडा एका हाताने आवळता यावा, कारण दुसऱ्या हातात चहाचा कप असतो, एवढंच होतं.
४. मला ती थट्टा वाटली. दोन हातांनी आवळायचा शेगडा बनवून मी पाठवला.
५. तो परत आला. आपल्या टेबलाला बसत नाही, अशी चिठ्ठी सोबत होती.
६. मी त्यांना एक पत्र लिहिलं.
७. काल इथल्या मटाटू गाड्यांच्या अड्ड्यावर कारिमाची गाडी चालवणारा न्दिरांगू भेटला. गाडी पुसता पुसता त्याने विचारलं, बाबांचा डावा हात आता कसा आहे.
८. मी म्हणाले, बरा आहे.

सहाव्या कलमातल्या पत्राबद्दल लिहायला हवं. तुमच्या आईचं नाव मला मिळालं म्हणून तुम्ही दोघं भावंडं मला आई म्हणता, आणि आईच्या हक्काने मी बाबांना रागावले तर सगळी टेकडी हसते. त्या हक्काचाच मी फायदा घेतला. आठवड्याभराच्या जेवणाच्या सुट्ट्या खर्चून मी कारखान्याच्या टूलरूममध्ये तो शेगडा घडवला होता, जबड्यांच्या पोलादाला स्वतः पाणी दिलं होतं, म्हणून राग आला होता. मी लिहिलं की नदी सुटली आणि तुम्ही आळशी झालात. पुढे लिहिलं की तुमच्या ओळी दारुड्याच्या चालीसारख्या वाकड्या जातात, त्याचं कारण मी विचारत नाही.

न्दिरांगूपुढे मी खोटं बोलले, कारण मुलीला माहीत नाही हे त्याला कळू द्यायचं नव्हतं. तो म्हणाला, देवाची कृपा, आणि पुन्हा काच पुसू लागला.

आत्या, काय झालं ते मला सरळ लिही. मला सोसेल की नाही हे तू ठरवू नकोस.

तुझी,
न्यागुथी


कारिमा,
९ मे

ती. आईस, म्हणजेच चि. न्यागुथीस,
वाशेराचे नमस्कार आणि आशीर्वाद दोन्ही. हवे ते ठेवून घे.

तुझं पत्र आहे की पोलिसाचा पंचनामा? आठ कलमं वाचेपर्यंत मला वाटलं, मीच कुणाचा जीव घेतलाय.

तर ऐक. जानेवारीत तुझा बाप एका जाड्या पाहुण्याला घेऊन गुरा नदीत उतरला होता. माशाखाली जाळी घालायला वाकला तो वर आलाच नाही. पाहुण्याने त्याला उचलून काठावर आणलं. मेंदूला झटका आला, असं डॉक्टर म्हणाले. दोन आठवडे दवाखान्यात होता. जीव वाचला, जीभ तर पूर्वीपेक्षा तिखट झाली, पण डावा हात ओल्या टॉवेलसारखा लोंबतो. तुला कळवायचं नाही म्हणून त्याने मला आईच्या नावाची शपथ घातली. ते नाव तुझंच. म्हणजे तुझ्यापासून लपवायला तुझीच शपथ! असा हा माझा भाऊ.

नदीवरचे त्याचे जुने सोबती आता त्याला 'पाहुणा' म्हणतात. विचारतात, पाहुण्या, तुला आज कोण उचलून नेणार? तो त्यांच्याबरोबर हसतो आणि मग त्या बाजूला चार दिवस फिरकत नाही.

तुझा शेगडा सुंदर होता. त्याने तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवला, माझ्या आईने पोलादाचा केलाय म्हणाला. मग कळलं की एका हाताने गळ जबड्यात धरायचा आणि दुसऱ्याने पिळायचं. त्याने गळ दातांत धरून पाहिला. ओठ फाटला. मला म्हणाला, बकरीने ढुशी दिली. मी म्हटलं, माझी बकरी गळ लावून फिरत नाही. त्यानंतर त्याने तो गुंडाळून तुझ्याकडे परत पाठवला. टेबलाला बसत नाही हे लिहायला त्याला अख्खी दुपार लागली.

शिकायची हौस मात्र गेलेली नाही. माझ्या लाल कोंबड्याची मान बघशील तर रडशील. गुडघ्याखाली दाबतो आणि पिसं उपटतो. कोंबडा आता त्याला बघून झाडावर चढतो.

आता तुझं ते पत्र. त्याने मला ते मोठ्याने वाचून दाखवलं. मध्ये एकदा त्याचे डोळे दोन ओळी उडी मारून खाली गेले, ते मी पाहिलं. नंतर तो बाहेर गेल्यावर मी ते स्वतः वाचलं. मिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं. त्याच्याकडे कागद दाबायला दुसरा हात नाही ना, म्हणून तो लिहितानाही मिठाचा डबा ठेवतो. डबा सरकला की कागद फिरतो, कागद फिरला की ओळ वाकडी. आयुष्यात एक थेंब घेतला नाही गं त्याने.

तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. तू सरळ लिही म्हणालीस.

ओथायाच्या माश्या बांधायच्या शेडमध्ये २ जूनला नवीन माणसं घेणार आहेत. तिथला मुकादम किनुथिया. नवख्याने आपला शेगडा आपण आणायचा आणि त्याच्यासमोर बांधून दाखवायचं, अशी तिथली रीत. जमलं तर खिडकीपाशी जागा, नाही तर पुढच्या वर्षी. पुढचं वर्ष माझ्या भावाला लांब आहे. दिवसभर माझ्या चुलीपाशी बसून मी घेवडा कसा शिजवावा हे मला शिकवतो. असाच बसला तर हात जाईल तो जाईल, माणूसही जाईल. मला त्याचीच भीती वाटते.

त्याला मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. नाही सांगितलंस तरी त्याला कळेलच.

माया आहे तशीच राहू दे.
वाशेरा


थिका,
१३ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मला हाताचं कळलं आहे. आत्यावर रागावू नका. मी तिला विचारण्याआधीच न्दिरांगूने मला विचारलं होतं.

माझ्या मागच्या पत्रातल्या दोन ओळी मी परत घेते. लिहिलेलं परत घेता येत नाही हे मला माहीत आहे. तरी घेते. त्या ओळी मी कामावर रागात लिहिल्या, कारण शेगड्याला शाबासकी मिळेल असं वाटलं होतं आणि तो परत आला. तुम्ही त्या आत्याला वाचून दाखवल्या नाहीत, हेही मला कळलं. तुम्ही वाचल्या असत्या तर मला कमी लाज वाटली असती.

शेगडा मी पुन्हा बनवते. तुम्ही सुरुवातीला जे मागितलं होतं तेच: एका हाताने चालणारा. २४ तारखेच्या शनिवारी मी येते, मापं घेते आणि रविवारी परत जाते. कुणाला काही सांगायची गरज नाही.

तुमची,
न्यागुथी


कारिमा,
१७ मे

ती. आईस,
मुरेइथीचा नमस्कार. वि. वि.

तू शनिवारी येऊ नकोस.

वाशेराच्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या खऱ्या आईलाही माहीत होतं. ती घेवडा अजून कच्चाच काढते, ते मात्र कुणाला लिहीत नाही.

तू मला दारुडा म्हणालीस ते मी विसरलो. आळशी म्हणालीस ते थोडं लागलं. पण मला लाज वाटते ती तुझ्या पत्राची नाही. इतकी वर्षं मी पाहुण्यांना पाठीवर घेऊन नदी ओलांडली. न्यायाधीश नेले, पाद्री नेले, एक बाई तर कुत्र्यासकट नेली. त्यांचे बूट ओले होऊ दिले नाहीत. आणि त्या दिवशी पाहुण्याने मला लहान पोरासारखं कवेत घेतलं, आणि मी त्याच्या कोटावर ओकलो. तो म्हणाला, काही हरकत नाही. चांगला माणूस होता. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो परत आला तर मी कुठे लपू, हाच विचार करत असतो.

तू आलीस तर माझ्या हाताकडे बघशील. तू मापं घेणारी आहेस, तुझं बघणं मला माहीत आहे. माझ्या आईने मला असं बघू नये.

शेगडा पाठवणार असशील तर असा पाठव की तो इतरांसारखा दिसेल. डावा हात मी कोटाच्या खिशात घालीन. खूप जण एक हात खिशात घालून बसतात. किनुथियाला कळलं तर तो दया दाखवून जागा देईल किंवा दया दाखवून घरी पाठवील. मला दोन्ही नको.

तुझे कल्याण असो, आणि तुझ्या मुलाला माफ कर.
मुरेइथी


थिका,
२२ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी शनिवारी येत नाही. तुम्ही नको म्हणालात.

इतरांसारखा दिसणारा शेगडा मात्र मी करून देऊ शकत नाही. प्रयत्न केला. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत मी डावा हात पट्ट्याने पाठीशी बांधून टूलरूममध्ये बसले. तिथे मी एकटीच बाई आहे, त्यामुळे बघायला सगळे जमले. एकाने विचारलं, कोणत्या गुन्ह्याची शिक्षा. दुसरा म्हणाला, लग्न ठरलंय, नवऱ्याला एका हाताने मारायचा सराव चाललाय. मी एका हाताने गळ लावत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा सांगितलं: माझ्या वडिलांचा डावा हात गेला आहे आणि त्यांना माश्या बांधायला शिकायचं आहे. मग एकाने जुन्या सायकलची ब्रेकची तार आणून दिली. त्याने दया दाखवली की नाही, मला कळलं नाही. तार चांगली आहे.

जे कळलं ते असं. गळ आवळणारा स्क्रू एका हाताने चालत नाही, कारण गळ धरायला कुणी उरत नाही. म्हणून जबडे कायम मिटलेले राहतील, आतल्या स्प्रिंगमुळे. टेबलाखाली पट्टी असेल. पायाने पट्टी दाबली की तार ओढली जाऊन जबडे उघडतील. उजव्या हाताने गळ ठेवायचा, पाय उचलायचा, जबडे मिटतात. गळ हलत नाही. हे मी तात्पुरती पट्टी लावून पन्नासाहून जास्त वेळा करून पाहिलं.

दोऱ्याचं रीळ खाली लोंबतं ठेवायचं. त्याच्या वजनाने दोरा ताणलेला राहतो, सोडला तरी उलगडत नाही. पीस धरायला मात्र दुसरा हात लागतोच. त्यासाठी शेगड्याच्या खांबाला तारेवर एक छोटा चिमटा लावला आहे. पिसाचं टोक त्यात द्यायचं. पहिले दोन दिवस पीस निसटत होतं. चिमट्याच्या आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवल्यावर राहिलं. मी बांधलेली पहिली माशी चिरडलेल्या डासासारखी दिसते. तिसरी माशीसारखी दिसते. दोन्ही सोबत पाठवते. नदीच्या माणसाने त्यांना हसावं, माझी हरकत नाही.

म्हणजे पट्टी दिसेल, तार दिसेल, चिमटा दिसेल. किनुथिया बघेल आणि विचारेल. हात खिशात घातलात तर तो हेही विचारेल की खिशात काय आहे. बाबा, तिथे काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी सांगणार नाही. पण लपवणारं अवजार मला बनवता येत नाही. प्रत्येक लपवलेला भाग काम अर्ध्यावर आणतो, आणि माशी सुटली तर तो तुम्हाला घरीच पाठवील, दया न दाखवता.

आता मला तीन गोष्टी हव्या आहेत. मापं तुम्ही मागच्या वेळीही दिली नाहीत, आणि मी कारण विचारलं नाही, रागावले. या वेळी कारणासकट विचारते.

टेबलाच्या फळीची जाडी. सुरीने खूण करून तेवढी काडी पाकिटात घातलीत तरी चालेल.

बसल्यावर गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर. आत्याला दोरी धरायला सांगा.

तिसरी गोष्ट कुणीच लिहिली नाही. आत्या हाताबद्दल लिहिते, तुम्ही हाताबद्दल लिहिता. पट्टी मी डाव्या पायाखाली बसवणार होते, कारण उजवीकडे रीळ लोंबतं आणि तार त्याच्या आड येते. काल पट्टी कापायला घेतली आणि थांबले. अशा झटक्यात एकीकडचा हात जातो तेव्हा बहुधा त्याच बाजूचा पायही जातो, हे मला इथे एकाने सांगितलं. तुमचा डावा पाय पट्टी दाबू शकतो का? पूर्ण, अर्धा, की नाही? तुम्ही नदीकडे फिरकत नाही ते सोबत्यांच्या हसण्यामुळे, की चढ चढवत नाही म्हणून?

नाही असेल तर नाही लिहा. पट्टी मी उजवीकडे घेईन आणि रीळ डावीकडे. मला एक संध्याकाळ जास्त लागेल, बाकी काही नाही. खरं लिहा. मी त्यावर लोखंड कापणार आहे.

न्दिरांगू शुक्रवारी ३० तारखेला सकाळी थिकाहून निघतो आणि शेगडा त्याच्या हाती तुम्हाला पोचेल. त्यासाठी तुमचं उत्तर मला बुधवारपर्यंत, २८ मेपर्यंत, मिळायला हवं. कृपया पाठवा.

तुमची मुलगी,
न्यागुथी