नऊ घरांना केलेले फोन

प्रिय बाबा,

ईस्टर होऊन चार दिवस झाले. त्या पहाटे कब्रस्तानातली उपासना आटोपली, लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं ठेवायला पांगले, आणि मी तुमच्यापाशी येऊन मेणबत्ती लावत बसले होते. वारं होतं, ती दोनदा विझली. तेवढ्यात आपल्या मंडळीतल्या शेवंताकाकू आल्या, माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "शालू, खरं सांगजो. माह्या चहानं गेले का वं सर?"

मी काडेपेटी हातात धरून नुसती बसून राहिले. काकूंनी तुमच्या कबरीवरचा पाला वेचला आणि त्या निघून गेल्या. तेव्हापासून मला धड जेवण नाही की झोप नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन सव्वा वर्ष झालं, आणि इतके दिवस जे मी तुमच्यापासून लपवलंय असं समजत होते ते तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं, हे मला आता आईकडून कळलं.

कुठून सुरू करू? तुमच्या सकाळपासूनच करते.

पाच वाजता उठायचं, खुर्चीवर बसून प्रार्थना करायची, ग्लासभर पाणी प्यायचं आणि वडाळी तलावापर्यंत चालून यायचं. पाऊस असो की अमरावतीचा मे महिना असो, यात बदल नाही. मी लहानपणी कंटाळायचे, तेव्हा तुम्ही म्हणायचे, "हे शरीर आपलं नाही बेटा, भाड्यानं भेटलेलं घर आहे. मालकाले झाडूनपुसून वापस द्या लागते." आयटीआयमध्ये तुम्ही फिटरच्या पोरांना शिकवायचे, तिथंही तेच. लेथला तेल दिल्याशिवाय हात लावू द्यायचे नाहीत आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात असला तर वर्गात घ्यायचे नाहीत. तुम्ही स्वतः माझ्या जन्माच्या वर्षी खर्रा सोडला होता. ती गोष्ट तुम्ही साक्ष म्हणून चर्चमध्ये इतक्यांदा सांगितली, की मला पुढचं वाक्य आधीच पाठ असायचं.

असा माणूस, आणि त्यालाच साखर निघाली! मी चिडलेच होते. देवावर चिडता येत नाही, म्हणून तुमच्यावर चिडले.

तरी तुम्ही सगळं मुकाट्यानं ऐकलं. घरचा चहा बंद केला, पोळी सोडून ज्वारीची भाकर धरली, ती पण एकच. मी अकोल्याहून दर शनिवारी यायचे, मशीन काढायचे, बोटाला सुई टोचायचे. तुम्ही बोट पुढं करायचे आणि दुसरीकडं पाहायचे. आकडा मात्र खाली यायचा नाही. का येत नाही? कारण बुधवार.

बुधवारी घरप्रार्थना. आपल्या मंडळीतली नऊ घरं, पाळीपाळीनं एकेकाकडं. तुम्ही वचन वाचायचे, कुणाच्या आजारासाठी, कुणाच्या पोराच्या नोकरीसाठी प्रार्थना करायचे, आणि मग चहा यायचा. आपल्याकडं कपात आधी साखर, मग चहा. सोबत आलुबोंडे नाही तर चिवडा. आणि आग्रह तर असा, की माणूस कोरड्या तोंडानं गेला तर घरच्यांना आठवडाभर चैन पडत नाही. तुम्ही कधी नाही म्हटलं नाही. एकदा तर दोन कप प्यायले, म्हणे त्या घरात पोरगी पास झाली होती.

तुमच्या अंगठ्याला नवीन चपलेची जखम झाली आणि दीड महिना भरेना, तेव्हा मी भांडले ते तुम्हाला आठवत असेल. लॅबमध्ये मी रोज लोकांचं रक्त तपासते, काळे पडलेले पाय पाहते. तुम्हाला म्हटलं, शरीर देवाचं घर म्हणता आणि त्यात दर बुधवारी साखर ओतता, हा कुठला विश्वास? तुम्ही शांतपणे म्हणाले, "मले आपल्या घरचा चहा सोडता येते. त्यायच्या घरचा नाही सोडता येत."

का, ते मला माहीत होतं. आजोबांची गोष्ट तुम्ही एकदाच सांगितली होती. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला, ज्यांच्या वावरात ते राबायचे त्यांच्या गोठ्याच्या कोनाड्यात एक कानतुटका कप ठेवलेला असायचा. आजोबांचा चहा त्यात, वरून ओतलेला, आणि पिऊन झाला की तो कप त्यांनीच धुऊन परत कोनाड्यात ठेवायचा. आजोबा ख्रिस्ती झाले त्याला कारणं पुष्कळ असतील, पण तुम्ही म्हणायचे की पहिल्यांदा त्यांना कोणीतरी आपल्या पंगतीत बसवून आपल्यासारख्याच कपात चहा दिला, ते त्यांना पुरलं. म्हणून कुणी प्रेमानं कप पुढं केला आणि तुम्ही हात मागं घेतला, हे तुमच्याच्यानं होणारच नव्हतं.

हे सगळं माहीत असून मी फोन केले, बाबा.

एका सोमवारी अकोल्याला, जठारपेठेतल्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारला आणि नऊ घरांना एकामागून एक फोन लावले. बाबांना चहा देऊ नका, गोड तर मुळीच नको, आणि मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका. आठ घरांनी बरं म्हटलं. नववा फोन शेवंताकाकूंचा. त्या हसल्या, "सर नाही म्हनत नाही, त मी कशी नाही म्हनू वं? येकच त कप असते." माझा जीव तुमच्या अंगठ्यात अडकलेला, आणि या हसताहेत! मी म्हटलं, "काकू, उद्या त्यांचा पाय कापावा लागला, तर तो तुमच्या चहानं कापला असं समजा."

हे वाक्य माझं आहे. कोणी माझ्या तोंडात घातलेलं नाही. चार घरची धुणीभांडी करून पोराला, मनोजला, एकटीनं वाढवलेल्या बाईला मी हे फोनवर ऐकवलं आणि मग बसून डबा खाल्ला.

पुढचं मला गेल्या रविवारी आईनं सांगितलं. कब्रस्तानातून आल्यावर मी तिला काकूंचा प्रश्न सांगितला, तेव्हा ती बोलली.

त्याच आठवड्यात पाळी काकूंची होती. प्रार्थना झाली आणि चहा आलाच नाही. कोणाचाच नाही. तुमच्यासमोर बाकीच्यांनी कसा प्यायचा, म्हणून त्यांनी चूलच पेटवली नव्हती. तुम्ही थट्टेत विचारलं, "शेवंता, दूध फाटलं का?" तर त्या रडायलाच लागल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. तुम्ही म्हणाले, पोरगी बरोबर बोलते. आणि घरी आले.

पुढच्या बुधवारी ज्यांची पाळी होती त्यांच्याकडं पाहुणे निघाले. त्याच्या पुढच्या घरी रंगकाम निघालं. रागानं नाही कोणी टाळलं, बाबा. सरांना घरी बोलवायचं आणि कोरडं पाठवायचं हे त्यांना जमेना, आणि चहा द्यावा तर सरांचा पाय! शेवटी तुम्हीच पाळकसाहेबांना सांगितलं, माझे गुडघे दुखतात, प्रार्थना चर्चच्या हॉलमध्ये घ्या. तिथं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पाच-सहा जण आले, मग तीन, मग कोणीच नाही.

आणि मी काय करत होते? तुमचे रिपोर्ट मिरवत होते. तीन महिन्यांची सरासरी साखर साडेसहावर आली. जखम भरली. लॅबमध्ये सगळ्यांना दाखवलं, हे पहा, गोळ्या न वाढवता! तुम्ही बोलेनासे झालात, सकाळचं चालणं अंगणापुरतं झालं, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. मी त्याला वय म्हटलं. आकडा चांगला होता ना.

मग जानेवारीतल्या त्या दुपारी तुम्ही जेवून खुर्चीत बसलात आणि आई ताट उचलायला आली तेव्हा तुम्ही नव्हता. डॉक्टर म्हणाले हृदय, जुनं दुखणं असावं. चहाचा संबंध नाही आणि प्रार्थना बंद झाल्याचाही कोणी सांगू शकत नाही. मी लॅबमधली बाई आहे, जे तपासता येत नाही ते मी लिहून देत नाही. पण शेवटचे आठ महिने तुम्ही कोणाच्या दारात गेला नाहीत, एवढं मला लिहून द्यावंच लागेल.

तुमच्यावर रागही आहे माझा. मला एकदा तरी झापायचं होतं ना! आईला तुम्ही म्हणाले होते, "पोरीनं मायेनं केलं. तिले लाजवू नको." ही कसली माया तुमची, मला आठ महिने शहाणी समजत ठेवणारी? आणि काकूंना तरी, "शेवंता, माझ्यापुरता बिनसाखरेचा, अर्धा कप टाक," एवढं म्हणता आलं नसतं? त्यांनी आनंदानं दिला असता. नाही म्हणायचं नाही म्हणजे काही मागायचंही नाही, असं कुठं आहे? साखर तुमच्यासाठी वाईटच होती, हे मी अजूनही म्हणते. त्यात मी चुकले नाही.

चुकले ते दुसरीकडं. मला वाटलं बुधवारचा चहा म्हणजे साखर. आई सांगत होती, वचनाच्या वेळी सगळे माना खाली घालून बसायचे, पण कप हातात आला की बोलू लागायचे. तुम्ही काकूंना विचारायचे बीपीची गोळी घेतली का, मनोजला विचारायचे खर्रा सोडून किती दिवस झाले. तो ऑटो चालवतो, दिवसभर त्याच्या भोवती पुड्याच पुड्या. तरी बुधवारी तुम्हाला आकडा सांगायचा म्हणून त्यानं चार महिने रेटले होते. आता पुन्हा खातो. काकू गोळ्या कधी घेतात, कधी नाही. तुमची साखर उतरवताना मी नऊ घरांची विचारपूस बंद पाडली, आणि वर एका बाईला सव्वा वर्ष असं वाटू दिलं की आपल्या हातानं सर गेले.

एक सांगायचं राहिलं. मागच्या महिन्यात मी माझंच रक्त तपासलं. साखर काठावर आहे. तुमचं नाक आलं नाही मला, हे आलं.

आता ऐका. येत्या बुधवारी मी रजा टाकली आहे. सकाळच्या गाडीनं अमरावतीला येते आणि तडक शेवंताकाकूंकडं जाते. आईला सोबत नेणार नाही, नाहीतर ती माझ्या वतीनं बोलेल. त्या दिवशी कब्रस्तानात जे माझ्या तोंडून निघालं नाही ते दारातच सांगेन, की काकू, बाबा तुमच्या चहानं गेले नाहीत, आणि ते वाक्य मी बोलायला नको होतं. मग त्यांनी बस म्हटलं, तर बसेन, प्रार्थना करू का विचारेन, मला बाबांसारखी येत नाही हेही सांगेन. चहा ठेवला, तर माझ्या तोंडानं मागेन, अर्धा कप, बिनसाखरेचा. आणि काकूंची गोळी, मनोजचे दिवस, सगळं विचारेन.

बस म्हटलं नाही, तर त्याच्या पुढच्या बुधवारी पुन्हा जाईन. त्यानंतर आठ घरं आहेत, बाबा. एकालाही फोन करणार नाही. चालत जाईन.

तुमची,
शालू