सात शून्यं आणि सतरा वाफे

प्रिय वंदनाताई,

आज शाळेत गणिताच्या सरांचा पंच्याहत्तरीचा सत्कार झाला. भाषण माझं होतं, कारण त्यांच्या जागेवर आता मी शिकवते. शाल-श्रीफळ झालं, मी उठले आणि फळ्यावर दहा कोटी एक लिहिलं. काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय चहासुद्धा घशाखाली उतरेना.

आठवते ना ती संख्या? दोन्ही टोकांना एक, मधे सात शून्यं. नववीत, त्या शनिवारी, सरांनी तिला तीन, सात, अकरा, तेराने भागून पाहिलं, हात झटकले आणि म्हणाले, ही मूळ संख्या, हिला कशानेच भाग जात नाही. पुढची पाळी सतराचीच होती! आणि सतरा आपल्याला नवीन का? आपल्या भाजीच्या मळ्यात सांभाराचे, कोथिंबिरीचे वाफेच सतरा. पाणी देताना तू सतराचा पाढा पार तीनशे-चारशेपर्यंत न्यायचीस.

तू उभी राहिलीस. "सर, सतरानं भाग जाते."

"मास्तरले शिकवतं का? जाय घरी, सांभाराच्या जुड्या बांध."

वर बाबांना निरोप गेला, पोरगी उलट बोलते म्हणून. सोमवारपासून तुझी शाळा बंद. जाता-येता सोबत व्हावी म्हणून आपल्या दोघींना एकाच वर्गात घातलं होतं ना? काय सोबत केली मी! तुझ्या वहीतला भागाकार मी पाहिला होता, बाकी शून्य होती. तरी मी तुझ्या शेजारी मान खाली घालून बसले. तू मला एकदाही का नाही गं रागावलीस?

आणि तूही कमाल केलीस. लग्न होऊन मानोऱ्याला गेलीस, पण संख्या सोडली नाहीस, मला सांगितलंही नाहीस. गेल्या वर्षी तू देवाघरी गेल्यावर तुझ्या पेटीत वही सापडली. सतराने भागून आलेल्या ५८८२३५३ चे तू दोन तुकडे केले होतेस, ५८८ आणि २३५३. दोन्हींचे वर्ग करून बेरीज केली, तर पुन्हा ५८८२३५३! मी तीनदा करून पाहिलं आणि रडले. मग या सत्काराची वाट पाहत बसले.

सरांच्या हातात खडू दिला. म्हटलं, सर, आता सतराने भागा. ते उभ्याउभ्या भागू लागले. कोणीतरी खुर्ची पुढे केली, ती मी मागे सारली. सगळं गाव पाहत असताना बाकी शून्य आली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

ते हळूच म्हणाले, "मले मालूम होतं. त्याच दिवशी घरी करून पाह्यलं होतं."

"मंग काहून नाही सांगतलं, सर?"

"पोरायसमोर कसं सांगू?"

ऐकलंस? त्याच दिवशी! मधे अख्खा रविवार होता, ताई. एक निरोप पाठवला असता, तर सोमवारी तू माझ्या शेजारी असतीस. लोक मला म्हणाले, म्हातारा माणूस आहे, जाऊ दे आता. मी नाही जाऊ देणार.

सरांच्या घराची खिडकी माझ्या वर्गासमोरच उघडते. उद्यापासून फळ्यावर तुझी संख्या तुझ्या नावानं राहील, आणि नववीचा वर्ग रोज सतराचा पाढा म्हणेल. एखादी पोरगी "मॅडम, चुकलं" म्हणाली, तर खडू तिच्या हातात देईन. आणि ज्या दिवशी सर खिडकी लावून घेतील, त्या दिवशी पोरींच्या आवाजात माझाही आवाज मिसळेन, म्हणजे बंद खिडकीतूनही पाढा आत जाईल. शब्द देते.

तुझ्या बाकावर गप्प बसलेली,
छाया