आम्ही काहीही ठेवत नाही

सोम. ३ मार्च
साइट सकाळपासून बंद. अंधेरीच्या ऑफिसात बसून फोनवर काय कप्पाळ दिसणार! चार मेल, त्यातला एक शिव्यांचा. गेमचे सर्व्हर चालवणारे आपल्या स्क्रिप्ट, म्हणजे गेमसाठी लिहिलेला कोड, आमच्याकडे टाकतात, आम्ही कुठल्या ओळीत चूक आहे ते सांगतो. फुकट. तरी शिव्या आम्हालाच.
बोरिवलीला घरी येऊन पाहिलं. डिस्क भरलीये. कशाने? उद्या बघू. कंबर गेली.

मंगळ. ४
सापडलं. 
प्रत्येक स्क्रिप्टला नवा कंटेनर, म्हणजे सर्व्हरवरची तात्पुरती वेगळी जागा. तपासून झाली की स्क्रिप्टसकट फेकायचा. पत्रावळीसारखा. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'आम्ही काहीही ठेवत नाही'. वाक्य माझंच. आणि सुरुवातीच्या चाचणीत प्रत्येक स्क्रिप्टची एक प्रत बाजूला ठेवायची सोय केली होती, तीही माझीच. बंद करायला विसरले. दोन वर्षं!
मंदारला फोन. (मुलुंडला असतो, कॉलेजपासूनचा. साइट दोघांची.) म्हणाला, "उडव ना सगळं. कोणाला कळणारे?"
प्रती ठेवणं बंद केलं. जुन्या उडवायचं मात्र राहिलं. दमले होते, दुसरं काही नाही.

बुध. ५
आज उडवणारच होते, तर मेल. प्रज्ञा, दहिसर. लॅपटॉप गेला, तिच्या गेममधल्या बाजाराची स्क्रिप्ट त्यातच. आठ महिन्यांचं काम. 'दुसऱ्या एका साइटवरून माझी स्क्रिप्ट चोरीला गेली होती. तुम्ही ठेवत नाही, म्हणून तुमच्याकडे यायला लागले. तरी विचारते, चुकून कुठे राहिलीये का?'
चुकून. काय शब्द काढलास बाई.
शोधली. आहे. शेवटच्या तपासणीची, एकही चूक नसलेली.

शुक्र. ७
मंदारशी भांडण. "दिलीस तर आपण ठेवतो हे कबूल केल्यासारखंच ना? ती चार ग्रुपवर टाकेल. वाट लागेल यार."
"मग नाही म्हणू तिला?"
"म्हण की. तिला तरी कुठे आशा आहे?"
झोपते म्हणून फोन ठेवला. संध्याकाळचे साडेसात वाजले होते.

शनि. ८
आई पोळ्या लाटत होती, तिला सांगितलं. कंटेनर वगैरे तिला कळत नाही, पण लोकांची वस्तू म्हटल्यावर लाटणं थांबलं.
"माहीत नव्हतं तोवर चूक होती गं. आता माहीत आहे ना?"
"हो."
"मग आता त्याला काय म्हणायचं?"
तव्यावरची पोळी करपली. खापर माझ्यावर.

रवि. ९
पाठवली. स्क्रिप्ट, आणि खाली सगळं खरं. दोनदा माफी मागितली, एकदा खोडली, पुन्हा लिहिली. मग बाकीच्या सगळ्या प्रती पुसल्या. पहिल्या पानावरही टाकलं: दोन वर्षं प्रती राहत होत्या, चूक आमची, आता पुसल्यात.
मंदारला आधी सांगितलं होतं. "तुझं तू बघ," म्हणाला. फार लागलं ते.

बुध. १२
प्रज्ञाचं उत्तर नाही. मंदारचा फोन नाही. साइटवर शुकशुकाट. ऑफिसात दोघांनी विचारलं, बरं नाही का म्हणून.
घरी येऊन पाहिलं, दुपारी एक तपासणी झालेली. आज दिवसभरात तेवढीच. 'चूक नाही' असं उत्तर गेलं, कंटेनर फेकला गेला.
प्रज्ञाच असेल का, म्हणून घाईघाईने स्क्रिप्ट बघायला गेले. काहीही ठेवलेलं नव्हतं.